झिजलेले गुडघे आणि जगातला पहिला क्रमांक

२७ जानेवारी २०२४ रोजी मेलबर्नमध्ये रोहन बोपण्णा आणि त्याचा ऑस्ट्रेलियन जोडीदार मॅथ्यू एब्डन यांनी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचा करंडक उचलला. बोपण्णाचे पुरुष दुहेरीतले हे पहिलेच ग्रँड स्लॅम जेतेपद. वयाची ४४ वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम पाच आठवडे उरले होते. दोनच दिवसांनी तो दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिला आला. इतक्या उशिरा प्रथमच या स्थानावर पोहोचलेला दुसरा पुरुष खेळाडू नाही.

कूर्गच्या कॉफीमळ्यांत वाढलेल्या बोपण्णाने किशोरवयात पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे टेनिसचे धडे गिरवले. एकेरीत तो पहिल्या दोनशेतही पोहोचला नाही. दुहेरीत नाव झाले, २०१७मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरीही जिंकली. पण पुरुष दुहेरीचे मोठे जेतेपद हुलकावणी देत राहिले. त्यातच गुडघ्यातली कूर्चा झिजली. दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळत असे. २०२१मध्ये काही महिने एकही सामना जिंकता आला नाही, तेव्हा खेळ थांबवावा असे त्याने पत्नीला कळवलेही होते.

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे झीज भरून निघणे जवळपास अशक्य असते. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि हा द्रव आत-बाहेर खेळता राहतो तो सांध्यावर दाब पडून सुटण्याने, म्हणजेच हालचालीने. दुखतो म्हणून गुडघा पूर्ण बसवून ठेवला, तर मांडीचे स्नायू बारीक होतात आणि त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो.

कोविडच्या टाळेबंदीत बोपण्णा अय्यंगार योगाकडे वळला. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घडवलेल्या या पद्धतीत दोर, पट्टे, ठोकळे, लोड यांच्या आधाराने आसन अचूक करतात आणि बराच वेळ टिकवतात. उड्या नाहीत, दणके नाहीत. तरीही मांडी, नितंब आणि पोटऱ्यांचे स्नायू चांगलेच कामाला लागतात. आपले दुखणे यामुळे आटोक्यात आले, असे बोपण्णा सांगतो. योगाने कूर्चा पुन्हा उगवली, असा याचा अर्थ नव्हे. गुडघे तेच राहिले. त्यांच्या भोवतीचा आधार बदलला.

खेळाची निवडही उपयोगी पडली. दुहेरीत निम्मेच मैदान सांभाळावे लागते. नियमित एटीपी स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. वयाबरोबर स्नायूंचा झटका कमी होतो, पण प्रतिस्पर्ध्याचा खांदा आणि रॅकेट पाहून चेंडू कुठे येणार हे ओळखण्याची नजर अनुभवाने मुरते. बोपण्णाची जोरकस सर्व्हिस तर गुण लवकर संपवणारी. पायांची धाव जिथे कमी पडे, तिथे हे सारे कामी आले. मार्च २०२४मध्ये, ४४ वर्षांचा असताना, त्याने मायामी स्पर्धाही जिंकली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, मोकळा वेळ हे सारे व्यावसायिक खेळाडूला मिळते, तसे प्रत्येकाला मिळत नाही. एकाला लागू पडले ते सर्वांना पडेल, असेही नाही. गुडघा सुजला, अडकला किंवा त्यावर भार देता येईना, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. वेदनाशामक गोळ्या रोज परस्पर घेणे पोट आणि मूत्रपिंडांना महागात पडू शकते. मात्र ‘झीज झाली, आता जपून बसून राहायचे’ हा निष्कर्ष बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. झिजलेल्या गुडघ्यालाही काम हवे असते. ते किती आणि कोणते, एवढेच जाणकाराकडून ठरवून घ्यायचे.