चारमिनार ते सिकंदराबाद: पायी चालून जोडशहराचा अभ्यास

प्रस्तावना

हुबळी-धारवाड, सांगली-मिरज, कोलकाता-हावडा अशी जोडशहरे तुम्ही नकाशावर पाहिली असतील. शेजारची दोन गावे वाढत जातात, मधली मोकळी जागा भरते आणि एक दिवस त्यांच्यातली सीमा कुठे होती हे सांगता येत नाही. मग ती सीमा खरोखरच नाहीशी होते का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक सोपी आणि बिनखर्चाची पद्धत म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात पायी जाणे. खेड्याच्या अभ्यासात जिला शिवारफेरी म्हणतात, तिचेच हे शहरी रूप आहे. ठरवलेल्या वाटेने चालायचे आणि जमिनीचा वापर, इमारती, व्यवसाय व माणसे कुठे बदलतात त्याची जागच्या जागी नोंद करायची.

उदाहरणासाठी आपण हैदराबाद आणि सिकंदराबाद ही जोडी घेऊ. चारमिनारपासून सिकंदराबाद रेल्वे स्थानकापर्यंतची ही वाट साधारण दहा किलोमीटरची आहे. ताशी चार किलोमीटर वेग धरला तर अडीच तास लागतात. नोंदी घेत चालायचे तर सकाळचे चार तास हाताशी ठेवा.

दोन शहरे, दोन कारणे

हैदराबाद हे राजधानीचे शहर म्हणून वसले. मुहम्मद कुली कुतुबशहाने 1591 मध्ये चारमिनार बांधला आणि त्याच्यापासून चार दिशांना चार रस्ते काढले. सिकंदराबादचा जन्म मात्र लष्करी छावणीतून झाला. 1798 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर इंग्रजांच्या पलटणी हुसेनसागराच्या उत्तरेला राहिल्या आणि 1806 मध्ये तिसरा निजाम सिकंदरजाह याच्या नावावरून त्या वसाहतीला सिकंदराबाद हे नाव मिळाले. एका शहराच्या मध्यभागी राजवाडा, मशीद आणि बाजार होता, तर दुसऱ्याच्या मध्यभागी कवायतीचे मैदान आणि पलटणींचा बाजार. 1960 मध्ये दोन्ही महानगरपालिका एक झाल्या, म्हणजे कागदावरची सीमा तिथे संपली. रस्त्यावर तिचे काय झाले, ते आता पाहू.

टप्पा पहिला: चारमिनार ते मुसी नदी

चारमिनारभोवतीचा भाग पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे. त्यामुळे सुरुवात निवांत होते. उत्तरेकडे चालू लागा. चार कमान ओलांडली की पथ्थरगट्टीची दगडी कमानींची दुकानांची रांग लागते. कमानींखालून चालताना ऊन लागत नाही आणि गाड्यांपासूनही अंतर राहते. विसाव्या शतकात शहर सुधार मंडळाच्या काळात ही रांग बांधली गेली. पादचाऱ्यासाठी सावली आणि दुकानदारासाठी गिऱ्हाईक, या दोन्ही गोष्टी एकाच बांधकामातून कशा साधतात, हे इथे नीट पाहून घ्या.

पुढे नयापूल येतो. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला आलेल्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर एम. विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. त्यांच्या सूचनांमधून नदीच्या वरच्या बाजूस उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय झाले, तर 1912 मध्ये शहर सुधार मंडळ स्थापन झाले. पुलावर थांबून दोन्ही काठ पाहा. अलीकडे उच्च न्यायालय, पलीकडे उस्मानिया रुग्णालय. या भव्य इमारती पुरानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातल्या आहेत. एका आपत्तीने शहराचा चेहरा कसा बदलतो, याचा पुरावा असा उघड्यावर उभा असतो.

टप्पा दुसरा: अफझलगंज ते बशीरबाग

या टप्प्यात स्थळनामांची यादी करा. अफझलगंज आणि उस्मानगंज यांतल्या ‘गंज’ या शब्दाचा अर्थ घाऊक बाजार, विशेषतः धान्याचा. जामबाग आणि बशीरबाग ही नावे सांगतात की जुन्या शहराच्या वेशीबाहेर इथे उमरावांच्या बागा होत्या. आज त्या जागी दुकाने, कचेऱ्या आणि महाविद्यालये आहेत. 1935 चे मोअज्जमजाही मार्केट ही दगडी इमारत वाटेत लागते. पुढच्या अबिड्‌स या भागाचे नाव अल्बर्ट अबिद या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या दुकानावरून पडले.

मराठी वाचकांना इथे एक ओळखीची खूणही भेटेल. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. शिक्षण, नोकरी आणि न्यायालयाच्या कामांसाठी मराठी माणसे या राजधानीत येत आणि स्थायिक होत. मराठी भाषकांनी उभी केलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था जामबागेतच आहे.

टप्पा तिसरा: टँक बंड

लिबर्टी चौक ओलांडून डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी आलात की समोर हुसेनसागराचा बांध दिसतो. हा तलाव इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, 1562 च्या सुमारास बांधला गेला. म्हणजे तो हैदराबादपेक्षा जवळपास तीस वर्षांनी आणि सिकंदराबादपेक्षा सुमारे अडीचशे वर्षांनी जुना आहे. दोन शहरांना वेगळे ठेवणारे पाणी आधी होते, शहरे नंतर आली. आणि त्या पाण्याला अडवणारा बांधच पुढे दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता झाला.

बांधावरून उत्तरेकडे चालताना डाव्या हाताला पाणी आणि त्यात 1992 मध्ये उभी केलेली बुद्धमूर्ती दिसते. पण उजवीकडेही पाहा. तिकडची वस्ती बांधाच्या पायथ्याशी, खोलगट भागात आहे आणि तिचे नावच लोअर टँक बंड आहे. गाडीतून जाताना फक्त तलाव दिसतो. पायी चालणाऱ्याला उंचीतला हा फरक कळतो आणि अतिवृष्टीच्या दिवसांत खालच्या लोकांना काळजी का लागते तेही कळते.

टप्पा चौथा: राणीगंज ते रेल्वे स्थानक

बांध संपला की राणीगंज. इथे पंप, पाइप, यंत्रांचे सुटे भाग यांची दुकाने दाटीने आहेत. पुढचा महात्मा गांधी रस्ता पूर्वी जेम्स स्ट्रीट म्हणून ओळखला जाई. रस्त्याचे नाव बदलले, पण जवळच्या लोकल स्थानकाचे नाव अजून जेम्स स्ट्रीट असेच आहे. उजवीकडे जनरल बाजारात वळा, मोंडा मार्केटमधून पुढे जा. रेजिमेंटल बाजार हे नाव ऐकले की या गावाचे मूळ वेगळे सांगावे लागत नाही. शेवटी 1874 मध्ये वाडीहून आलेल्या रेल्वेमार्गाचे स्थानक लागते.

एक सावधगिरी बाळगा. नावे हा पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. ‘गंज’ हा शब्द तुम्हाला तलावाच्या दोन्ही बाजूंना भेटला. म्हणून नावासोबत रस्त्याची आखणी, इमारतीचे साहित्य आणि चालू व्यवसाय यांचीही नोंद हवी. तीन-चार खुणा एकाच ठिकाणी बदलल्या, तरच तिथे जुनी सीमा होती असे म्हणा.

नव्या सीमा

या फेरीत तुम्हाला दुसऱ्या प्रकारच्या सीमाही भेटतील. चालण्याचा वेळ आणि रस्ता ओलांडण्यासाठी थांबण्याचा वेळ वेगवेगळा लिहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान 1.8 मीटर आणि कडेच्या दगडाची उंची जास्तीत जास्त 150 मिलिमीटर असावी. सोबत मोजपट्टी ठेवा आणि दर अर्ध्या किलोमीटरवर दोन्ही मापे घ्या. पदपथ कशाने अडला आहे तेही लिहा: विजेचा खांब, उभी केलेली दुचाकी, दुकानाची पायरी की फेरीवाल्याची गाडी. फेरीवाल्याला सरसकट अडथळा ठरवू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे आणि चालणारेच बहुधा त्याचे गिऱ्हाईक असतात.

प्रत्येक चौकात स्वतःला विचारा: काठी टेकत चालणारी आजी, पाठीवर ओझे घेतलेला हमाल किंवा चाकाच्या खुर्चीतला विद्यार्थी इथून पलीकडे जाऊ शकेल का? जिथे उत्तर ‘नाही’ येईल, तिथे त्या माणसासाठी शहर संपते. 1960 मध्ये पुसलेल्या सीमेपेक्षा ही सीमा त्याच्या रोजच्या जगण्यात जास्त खरी आहे, आणि ती कुठल्याही प्रशासकीय नकाशावर दिसत नाही. म्हणूनच तुमच्या नोंदवहीला महत्त्व आहे.

सारांश

• जोडशहरांतील प्रशासकीय सीमा गेली तरी त्यांच्या उगमाची कारणे स्थळनामे, रस्ते आणि बाजार यांत टिकून राहतात.
• एकच रचना दोन कामे करू शकते. हुसेनसागराचा बांध पाणी अडवतो आणि शहरे जोडतो.
• वाहनांसाठी जोडणारा रस्ता पादचाऱ्यासाठी तोडणारा ठरू शकतो.

स्वाध्याय

1. तुमच्या जवळची दोन शेजारी गावे निवडा, त्यांच्यामधली चालण्याची वाट आखा आणि तिचे चार टप्पे पाडा.
2. प्रत्येक टप्प्यातील पाच स्थळनामे लिहून त्यांचे अर्थ स्थानिक वयस्कर लोकांना विचारा.
3. एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ रस्ता ओलांडण्यासाठी थांबण्यात गेला ते काढा. सर्वांत जास्त वेळ लागलेल्या चौकाचे रेखाटन करून एक सुधारणा सुचवा आणि ती स्थानिक पालिकेला पत्राने कळवा.