शेततळ्यातले मासे पहाटेच का दगावतात? पाण्यात हवा मिसळण्याचे उपाय कोणते?

संध्याकाळी खाद्य टाकलं तेव्हा मासे ठणठणीत होते. सकाळी पाहावं तर निम्मे मासे मरून तरंगतायत. कुणीतरी विष टाकलं असणार, हाच पहिला संशय येतो. पण अनेकदा कारण वेगळं असतं. रात्रीत पाण्यातला ऑक्सिजन संपलेला असतो.

ऑक्सिजन जातो कुठे?

हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, पाण्यात मात्र तो फार कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला हवेतून एका लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे उन्हाळ्यात धोका जास्त.

दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन तयार करतं. रात्री हे काम थांबतं आणि मासे, शेवाळ, तळाचा गाळ कुजवणारे जीवाणू असे सगळेच ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पातळी सर्वांत खाली असते. सलग ढगाळ हवा असेल, तर दिवसाही भरपाई होत नाही. रोहू, कटला यांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असलेला चांगला.

उपाय काय?

कोळंबीच्या तलावांत फिरणारी पंख्यांची चाकं अनेकांनी पाहिली असतील. ते पॅडल व्हील एअरेटर. ते पाणी उडवतात, पाण्याचा हवेशी संपर्क वाढतो. खोल तळ्यात तळाशी सच्छिद्र नळ्या टाकून ब्लोअरने हवा सोडतात. बुडबुडे वर येताना तळाचं पाणीही वर आणतात.

एअरेटर नसेल तर? तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखं परत सोडावं. बोअरचं पाणीही उंचावरून पाडावं, कारण जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा कमी असतो. त्या दिवशी खाद्य बंद ठेवावं.

घरातल्या फिशटँकचं काय?

एअर स्टोनमधून निघणारे बुडबुडे फक्त शोभेचे नसतात. पण ऑक्सिजन मुख्यतः बुडबुड्यांतून नाही, तर त्यांनी हलवलेल्या पृष्ठभागातून मिसळतो. म्हणून उंच आणि अरुंद टाकीपेक्षा पसरट टाकी बरी. आवाज होतो म्हणून रात्री पंप बंद करणं चुकीचं. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्याही रात्री ऑक्सिजन वापरतात. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात शिरू शकतं.

धोका कसा ओळखायचा?

बरेच मासे एकदम वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की समजायचं त्यांचा श्वास कोंडतोय. बेटा, गुरामी किंवा मागूर अधूनमधून हवा घ्यायला वर येतात, ती त्यांची सवयच. पण पहाटे रोहू-कटला वर दिसले, तर उजाडण्याची वाट पाहू नका. पंप लगेच सुरू करा.