मुका ‘के’ आणि दोन पोरं

आज आपण इंग्रजीतली एक अक्षरजोडी घेऊ: के आणि एन. ‘नाइट’ म्हणजे सरदार, ‘नेव्ह’ म्हणजे लबाड माणूस, ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नो’ म्हणजे जाणणे. या सगळ्यांच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के आहे, पण उच्चारात नाही. शाळेत आपण तो निमूटपणे पाठ केला. का आहे, हे कुणी सांगितलं नाही.

हा के मुळात मुका नव्हताच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत लोक खरोखर ‘क्न’ असं जोडून म्हणत. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’ म्हणतो. इंग्रजांच्या तोंडातला क साधारण सतराव्या शतकात गळाला. पण कॅक्स्टनचा छापखाना १४७६ मध्येच सुरू झाला होता. छपाईनं स्पेलिंग घट्ट होत गेलं, उच्चार पुढे निघून गेला, आणि के कागदावर राहिला.

तो राहिला म्हणून नातंही दिसतं. युरोपातल्या अनेक भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या. त्या मूळ भाषेतल्या ‘ग’चा इंग्रजीकडे क झाला, आणि या शब्दांत संस्कृतकडे ज. म्हणून ‘नी’ आणि ‘आजानुबाहू’मधला ‘जानु’ ही भावंडं. ‘नो’ आणि आपलं ‘जाणणं’ हीसुद्धा भावंडंच.

आता पहिले दोन शब्द बघा. नाइटचं जुनं रूप ‘क्निख्त’, नेव्हचं ‘क्नाफा’. दोन्हींचा जुना अर्थ एकच: पोरगा! मग दोन्हींचा अर्थ सरकला: हाताखालचा पोरगा, म्हणजे नोकर. इथून वाटा फुटल्या. एक पोरगा राजाच्या, सरदाराच्या पदरी गेला, घोड्यावर बसला, आणि त्याचं नाव मानाची पदवी झालं. दुसरा घरकामालाच राहिला. त्याच्या नावाचा अर्थ आधी हलका माणूस झाला आणि शेवटी लबाड.

यात त्या पोराचा काय दोष? मालक मोठा, तर चाकराचा शब्द मोठा. आणि जो गरीब, तो लबाड असणारच, हा समाजाचा ग्रह शब्दात जाऊन बसला.

पत्त्यांतला नेव्ह आपल्याला माहीत आहे. इंग्रज त्याला आता जॅक म्हणतात, आपण मात्र गुलाम म्हणतो. आणि ‘पोर’वरूनच आलेला ‘पोऱ्या’ हा शब्द आपण चहाच्या टपरीवर आजही सहज वापरतो. तिथं कधी चाळिशीचा माणूससुद्धा पोऱ्याच असतो.

तेव्हा स्पेलिंग पाठ करताना मुलांना ही गोष्टही सांगू या. के लक्षात राहीलच. पण कुणाला काय म्हणून हाक मारतो, याकडेही लक्ष जाईल.