कोळंबीला उणे ५३ गुण

‘काकूंनी भाईंदरच्या बाजारातून ताजी कोळंबी आणली.’ दुसरीतलं पोर अडखळत का होईना, हे वाक्य वाचून काढेल. पण रुडॉल्फ फ्लेश यांच्या वाचनीयतेच्या सूत्रात ते घातलं, तर गुण येतात उणे ५३. शंभराच्या आसपास म्हणजे अगदी सोपं, तिसाच्या खाली म्हणजे फारच जड, अशी ही मोजपट्टी. तिच्यावर काकूंची कोळंबी कायद्याच्या कलमांपेक्षाही खाली गेली.

व्हिएन्नात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्लेश यांनी हे सूत्र १९४८ मध्ये मांडलं. वाक्यात सरासरी किती शब्द, त्याला १.०१५ ने गुणायचं. शब्दात सरासरी किती उच्चारखंड, त्याला ८४.६ ने गुणायचं. दोन्ही आकडे २०६.८३५ मधून वजा करायचे. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी त्यावरूनच इयत्ता सांगणारं सूत्र तयार झालं. आज संगणकावर मजकूर सोपा की अवघड हे सांगणाऱ्या अनेक साधनांच्या पोटात हेच गणित असतं.

आपल्या वाक्यात शब्द ६ आणि उच्चारखंड १८, म्हणजे शब्दामागे ३. घात होतो तो इथे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘बाजारातून’ म्हणायला इंग्रजीला दोन-तीन आखूड शब्द लागतात, मराठी एकाच शब्दात काम उरकते आणि त्याबद्दल दंड भरते.

आयआयटी खरगपूरच्या मंजिरा सिन्हा, अनुपम बसू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगाली आणि हिंदीसाठी जोडाक्षरांचाही विचार करणारी वेगळी मापं सुचवली. मराठीलाही स्वतःचं माप हवं, पण नुसती लांबी मोजून ते मिळणार नाही. ‘महानगरपालिका’ हा शब्द ८ अक्षरांचा. मीरा-भाईंदरला ती २००२ मध्ये मिळाली आणि तो आता रिक्षावाल्यापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. उलट करबिलातली दोन अक्षरी ‘शास्ती’ भल्याभल्यांना थांबवते. थकबाकीवरचा दंड, इतकाच तिचा अर्थ. मजकुराचं विश्लेषण करणारे म्हणूनच हल्ली लाखो वाक्यांच्या संग्रहात एखादा शब्द किती वेळा येतो, ते पाहतात. ओळखीचा शब्द लांब असला तरी डोळा त्यावरून सहज पुढे जातो.

तरीही एक माणूस हिशेबाबाहेर राहतोच: वाचक. उत्तनच्या कोळीवाड्यात ‘कोळंबी’ समजावून सांगावी लागणार नाही. तिथून काही किलोमीटरवर, गुजराती बोलणाऱ्या शाकाहारी घरात, तोच शब्द कोडं ठरू शकतो. एकाच शहरात, एकाच वाक्याला दोन काठिण्यपातळ्या!

मग वाचकालाच मोजू, असं म्हणून पडद्यावर तो किती वेळ थांबला हे पाहतात. हे माप मला फारसं भरवशाचं वाटत नाही. माणूस रमला म्हणून थांबला, अडकला म्हणून, की बोरिवलीला उतरायच्या गडबडीत फोन तसाच राहिला? सेकंद तेवढेच भरतात.

डोळे मात्र जास्त सांगतात. वाचताना नजर सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांमध्ये साधारण पाव सेकंद स्थिरावते आणि काही समजलं नाही की मागे फिरते. पवईच्या आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य यांच्यासोबत काम करणाऱ्या अभिजित मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नजरेच्या या वाटेवरूनच वाचनाचे कष्ट मोजण्याची पद्धत मांडली. वाट जितकी वेडीवाकडी, तितके श्रम जास्त.

सूत्राला फसवणं मात्र फार सोपं असतं. ‘बिल उशिरा भरलं म्हणून शास्ती लागली’ या वाक्यातला ‘म्हणून’ काढा आणि मध्ये पूर्णविराम द्या: ‘बिल उशिरा भरलं. शास्ती लागली.’ वाक्यं आखूड झाली, गुण वाढले. पण उशिराचा आणि शास्तीचा संबंध आता वाचकालाच जोडायचा आहे आणि ‘शास्ती’ म्हणजे काय, हे त्याला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.