शाबूत जनुक, सुटलेली गाठ

मोहर्लीच्या जंगलपट्ट्यात, सगळ्या चंद्रपूर-गडचिरोलीतच, सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, हा घरातला शब्द आहे. कोण ‘एएस’ म्हणजे वाहक, कोण ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे सोयरीक जुळवतानाही विचारावे, असे आरोग्य कर्मचारी सांगत असतात. पण एक गोष्ट आयांना कोड्यात टाकते. एसएस बाळ पहिले काही महिने ठणठणीत असते. मग सहाव्या महिन्याच्या आगेमागे हातपाय सुजू लागतात, अंग पांढरे पडते. दोष तर जन्मापासूनच होता. मग इतके दिवस तो कुठे होता?

बाळाला तोवर गर्भातले हिमोग्लोबिन सांभाळत असते. त्याचे जनुक वेगळे, ‘गॅमा’ नावाचे, आणि ते निर्दोष असते. जन्मानंतर गॅमा मंदावते आणि ‘बीटा’ काम हाती घेते. सिकलसेलचा दोष या बीटात असतो: डीएनएतल्या ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’, एवढाच. गॅमा मात्र नष्ट होत नाही. अंगदुखीने तळमळणाऱ्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पेशींतही ते शाबूत असते, फक्त गप्प.

ते गप्प का बसते, याचे उत्तर डीएनएच्या घडीत आहे. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी घडतात, तेव्हा त्यांना अजून केंद्रक असते. काही मायक्रोमीटरच्या त्या केंद्रकात सुमारे 2 मीटर डीएनए बसतो, आणि तो कसाही कोंबलेला नसतो. अकराव्या गुणसूत्रावर गॅमा आणि बीटा शेजारी आहेत. त्यांना चेतवणारा नियंत्रक पट्टा मात्र बीटापासून हजारो अक्षरे लांब आहे. डीएनए वेटोळे घेतो, पट्टा जनुकाला येऊन भिडतो आणि जनुक बोलू लागते. बोडीचे पाणी एका वेळी एकाच बांधीत वळवावे, तसे हे आहे: गर्भात गॅमाकडे, पुढे बीटाकडे. रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2002 मध्ये उंदरांत असे वेटोळे दाखवले. रक्त घडवणाऱ्या पेशींत वेटोळे होते. मेंदूच्या पेशींत तोच डीएनए सरळ पडून होता.

मग वेटोळे मुद्दाम वळवले तर? फिलाडेल्फियात गर्ड ब्लोबेल यांच्या गटाने 2014 मध्ये प्रौढ माणसाच्या पेशींत पट्टा गॅमाशी बांधून दाखवला. गॅमा जागे झाले, बीटा ओसरले. एक अक्षरही दुरुस्त केले नव्हते. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो.

उपचार दुसऱ्या वाटेने आला. बीसीएल-11-ए हे प्रथिन गॅमावर बसून त्याला दाबते. रुग्णाच्या मूळपेशींत या प्रथिनाचे तांबड्या पेशींपुरते बटण कापणाऱ्या कॅसजेव्ही उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, आणि आधी तीव्र केमोथेरपी सोसावी लागते.

त्याच वर्षी 1 जुलैला आपल्याकडे शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आज आपल्या रुग्णांच्या हाती हायड्रॉक्सीयुरियाची स्वस्त गोळी आहे. तीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे त्याच झोपलेल्या गॅमाला हलवते. मात्र ती रोज घ्यावी लागते आणि रक्त वरचेवर तपासावे लागते. जंगलातल्या गावाहून तपासणीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. गोळी सुटते ती बहुधा तिथेच. म्हणून ही तपासणी गावातच व्हायला हवी.