‘काय’ जिंकले!

स्वीडन देशात फेब्रुवारी महिना म्हणजे शनिवारी रात्री घराबाहेर न पडण्याचा महिना. थंडी हे त्याचे एक कारण खरे. पण दुसरे कारण दूरचित्रवाणीच्या पडद्यावर असते. ओळीने सहा शनिवार तेथे गाण्यांची राष्ट्रीय स्पर्धा चालते. तिचे नाव ‘मेलोडीफेस्टिवालेन’. एवढे लांबलचक नाव घ्यायला खुद्द तेथील लोकांनाही सवड नसावी; ते लाडाने तिला नुसते ‘मेलो’ म्हणतात. या स्पर्धेत पहिले आलेले गाणे पुढे मे महिन्यात ‘युरोव्हिजन’ या साऱ्या युरोपच्या गीतस्पर्धेत देशातर्फे उभे राहते.

२०२५ सालचा हिवाळा मी माझ्या लेकीकडे, गोटेनबर्ग शहरात काढला. मला स्वीडिश येत नाही, आणि पाहुणी असल्यामुळे मतदानाशीही माझा संबंध नव्हता. परंतु मत न देता मते मांडण्याचा अधिकार पुण्याच्या माणसाकडून कोण हिरावून घेणार? सहाही शनिवार मी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसले आणि एकूण तीस गाण्यांवर निकाल देत राहिले. त्यातलेच काही निकाल येथे मांडते आहे.

गाण्यांच्या शर्यतीचे वेड आमच्या पिढीला नवे नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि पुढे कितीतरी वर्षे बुधवारची रात्र अमीन सायानींच्या मालकीची होती. आपले आवडते गाणे एक पायरी वर चढले की घरात दिवाळी, उतरले की सुतक! मात्र तेथे शर्यत आधीच गाजलेल्या गाण्यांची असे. ‘मेलो’मध्ये गाणे कोरे करकरीत लागते आणि ते तीन मिनिटांच्या आत संपावे लागते. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी साऱ्या सासरापुढे पोहे करायला लावावेत, तसा हा प्रकार.

मतमोजणीची पद्धत मात्र मला फारच आवडली. अंतिम फेरीतले निम्मे गुण परदेशांतील परीक्षकांच्या हाती, निम्मे जनतेच्या. जनतेचे पुन्हा वयाप्रमाणे सात गट पाडलेले: पहिला तीन ते नऊ वर्षांचा, शेवटचा पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा. दूरध्वनीवरून मते देणाऱ्यांचा आठवा गट वेगळा. प्रत्येक गटाच्या गुणांना सारखेच वजन. म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या नातीच्या गटाचा शब्द आणि माझ्या वयाच्या आज्यांच्या गटाचा शब्द एकाच तागडीत! आपल्याकडे सिनेमाला जायचे ठरवतानासुद्धा घरात एवढी लोकशाही नसते.

आता गाण्यांकडे वळू. गाणे पारखण्याची माझी कसोटी स्वयंपाकघरातली आहे. दिवे, धूर, नाच, चकचकीत कपडे हे सारे रात्री संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचे आधण ठेवताना जी चाल आपोआप ओठांवर येते, ते गाणे पास, बाकीची नापास.

या कसोटीला ‘डॉली स्टाईल’ या मुलींच्या चमूचे ‘यीहा’ उतरले. पण ते लहान मुलांच्या वाढदिवसाच्या केकसारखे. एक घास गोड, दुसऱ्याला पुरे वाटते. ‘स्कार्लेट’ या जोडीने भुताटकीचा साज चढवून गाणे म्हटले. नातीने अर्धे उशीआडून पाहिले, आणि मला साज आठवतो, चाल आठवत नाही. माया ईव्हार्सन ही रॉक संगीतातली मुरलेली बाई. तिच्या आवाजाला खरखर आहे, पण ती अनुभवाची खरखर आहे. आनिका विकिहाल्डरचा गळा तर असा भरदार, की तिच्यामागचे दिवे विझवून टाकावेत आणि नुसते तिला ऐकावे. जॉन लुंडविक २०१९ साली स्वीडनतर्फे युरोव्हिजनला गेला होता, आणि त्याच वर्षी ब्रिटनने पाठवलेल्या गाण्याच्या रचनेतही त्याचा हात होता. त्याचे गाणे पायरीपायरीने चढत जाते आणि शेवटी छताला टेकते. आवाज उत्तम, पण गाणे कुठे पोचणार हे दुसऱ्याच पायरीवर कळते.

आणि मग मॉन्स सेल्मेरलेव. २०१५ साली याने युरोव्हिजन जिंकून दिलेले; देखणा, हसरा, रंगमंचावर मासा पाण्यात असावा तसा. त्याचे ‘रेव्होल्यूशन’ हे गाणे म्हणजे निष्णात शिंप्याने शिवलेला सूट. एक टाका चुकलेला नाही. सगळ्या घराने, सगळ्या वर्तमानपत्रांनी तोच जिंकणार असे धरून चालावे, अशी परिस्थिती होती.

पण या साऱ्या गाण्यांत एक गोष्ट मला खटकत होती. गाणारे स्वीडिश, ऐकणारे स्वीडिश, निवेदन स्वीडिश. आणि गाणी मात्र बहुतेक इंग्रजीत!

याला इतिहास आहे. युरोव्हिजन १९५६ साली सुरू झाली तेव्हा जो तो आपापल्या भाषेत गाई. १९६५ साली स्वीडनचा संगीतिका-गायक इंग्वार विक्सेल इंग्रजीत गायला आणि कुरबुर झाली. पुढच्याच वर्षी नियम आला, की देशाने आपल्याच भाषेत गायचे. १९७३ मध्ये तो सैल झाला. त्या सवलतीतच १९७४ साली ‘आब्बा’ या चौघांनी ‘वॉटर्लू’ इंग्रजीत गाऊन स्वीडनला पहिला विजय मिळवून दिला. १९७७ मध्ये नियम परतला आणि १९९९ मध्ये कायमचा गेला. तो गेला त्या वर्षापासून २०२४ पर्यंत स्वीडनने एकही गाणे स्वतःच्या भाषेत पाठवले नाही. ‘जगाला कळले पाहिजे ना!’ हे त्याचे कारण. कारण ओळखीचे वाटते की नाही? मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे, या चर्चेत आपल्या घराघरांतून हेच वाक्य ऐकू येते.

खरे पाहता स्वीडनच्या सात विजयांपैकी १९८४ आणि १९९१ चे दोन स्वीडिश गाण्यांनीच मिळवलेले आहेत. सातांत दोन म्हणजे थोडे, असे कोणी म्हणेल. पण स्वभाषेत गाऊन जिंकता येत नाही, असे त्यावरून कोणालाही म्हणता यायचे नाही.

आणि २२ फेब्रुवारीला, माल्मे शहरातल्या चौथ्या फेरीत, तीन गडी रंगमंचावर आले. केव्हिन, आक्सेल आणि याकोब. तिघांची आद्याक्षरे जुळवून चमूचे नाव झाले आहे ‘के ए जे’, आणि स्वीडिशमध्ये त्याचा उच्चार होतो चक्क ‘काय’! त्या रात्री आमच्या घरात जो संवाद झाला तो असा:

“यांचं नाव काय गं?”

“काय.”

“अगं, नाव विचारतेय मी!”

“तेच सांगतेय, आई. काय!”

गाण्याचे नाव ‘बारा बादा बास्तू’. अर्थ एवढाच, की आता फक्त बाष्पस्नान करायचे. पार्श्वभूमीला लाकडी न्हाणीघर, साथीला अकॉर्डियन, आणि मजकूर असा की कामधाम, चिंता बाहेर ठेवा आणि वाफेत बसा. हे तिघे स्वीडनचे नव्हेतच. ते फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या व्हेरो या सहा-साडेसहा हजार वस्तीच्या गावपरिसरातले. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता, आणि आजही तेथील सुमारे पाच टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे. त्यातही या तिघांनी आपल्या गावची बोली वापरली, मध्ये फिन्निश शब्द पेरले. शेजारची स्वीडिश बाई लेकीला म्हणाली, “मला अर्धंच कळलं, पण आमच्याकडे सकाळपासून हेच चाललंय.” माझ्या कसोटीत याहून मोठे प्रशस्तिपत्रक नाही.

यात मला नवल वाटले नाही. १९८० साली मालवणी बोलीतले ‘वस्त्रहरण’ मुंबईच्या रंगभूमीवर आले आणि ज्यांचा मालवणशी काडीचा संबंध नव्हता तेही पोट धरून हसले. बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा खानदेशी बोलीचा अर्थ विचारत विचारत पुण्यामुंबईच्या लोकांनी ती डोक्यावर घेतली. बोलीत ऊब असली की शब्दकोश मागाहून चालतो.

८ मार्चला स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना येथे अंतिम फेरी झाली. बारा गाणी उतरली होती. ‘काय’ यांना १६४ गुण, मॉन्स यांना १५७. सात गुणांनी तीन गावकरी पहिले आले आणि १९९८ नंतर प्रथमच स्वीडनचे गाणे स्वीडिशमध्ये, तेही शेजारच्या देशातल्या बोलीत, युरोपपुढे जायचे ठरले. मे महिन्यात बाझेल येथे त्यांचा चौथा क्रमांक लागला. बाजी ऑस्ट्रियाने मारली. त्या वेळी मी पुण्यात परत आले होते. पण चौथा क्रमांक हा मला पराभव वाटत नाही.

कोणी म्हणेल, हे गंमतगाणे. दोन वर्षांनी कोणाला आठवणार? कदाचित नाहीही आठवणार. चाल साधी आहे, पुनरावृत्ती पुष्कळ आहे. पण माझ्या घरात या गाण्याने जे केले, ते बाकीच्यांना जमले नाही.

आमची नात मराठी समजते, पण उत्तर स्वीडिशमध्ये देते. ‘मराठीत बोल’ असा नियम लेकीने केला होता. त्याचा परिणाम असा झाला, की मुलगी जेवणाच्या टेबलावर बोलेनाशीच झाली. ते मौन त्या घरातल्या थंडीपेक्षा मला जास्त बोचत होते. अंतिम फेरीनंतरच्या आठवड्यात ती मला त्या गाण्यातले शब्द शिकवायला बसली. माझे उच्चार ऐकून गडबडा लोळली. मग एकदम थांबून तिने विचारले, आणि मराठीत विचारले, “आजी, आपलं आंघोळीचं गाणं नाही?”

मी तिला नरकचतुर्दशीची पहाट सांगितली. कोमट तेल, उटण्याचा वास, बंबाचा धूर, पायाखाली फुटणारे कारीट, अर्ध्या अंघोळीत वाजलेला पहिला फटाका. तिला वाफ, गरम पाणी आणि अंगाला काहीतरी चोळणे हे सगळे लगेच पटले. त्यांच्याकडे बर्च झाडाच्या डहाळ्या असतात, आपल्याकडे उटणे. ‘बंब’ हा शब्द तर तिला इतका आवडला, की दोन दिवस ती त्या अकॉर्डियनच्या चालीवर ‘बंब, बंब’ करत घरभर फिरली. नियमाने जे तोंड मिटले होते, ते बंबाने उघडले.

युरोव्हिजनच्या नियमाची गत याहून निराळी नाही. नियम होता तोवर भाषा टिकली. तो उठल्याबरोबर सगळे इंग्रजीकडे पळाले. भाषा परत आली ती तीन गावकऱ्यांना स्वतःच्या बोलीत मजा वाटली म्हणून. ज्यांची नातवंडे परदेशात आहेत, आणि ज्यांची इथेच इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे: या दिवाळीत पोरांना मराठीवरून रागावू नका. पहाटे उठवा, तेल लावा, आणि आपल्या गावच्या बोलीत, चुकतमाकत का होईना, काहीतरी गा. चार शब्द कळले नाहीत तरी ती विचारतील, “हे काय?”

‘काय’ जिंकतो, हे आता सिद्धच झाले आहे.