छप्पर उचलणारा वारा

चैत्र-वैशाखात छोटा नागपूरच्या तापलेल्या पठारावर दुपारी ढगांची उंच रास उभी राहते आणि सायंकाळी वादळ वायव्येकडून बंगालवर चालून येते. हीच ‘कालवैशाखी’. महाराष्ट्रातील वळवाचा पाऊस तिचाच सौम्य भाऊबंद. तिचा वारा कधीकधी ताशी १०० किलोमीटरांचा वेग ओलांडतो. वादळ थोड्याच वेळात ओसरते. पण तेवढ्यात अनेक घरांचे पत्रे शेतात जाऊन पडलेले असतात. वाऱ्याने छप्पर ढकलून दिले, असे लोक समजतात. वस्तुतः ते उचलले गेलेले असते.

हा वारा मुळात वरून खाली येतो. पावसाच्या धारा हवेला आपल्याबरोबर खाली ओढतात. थेंबांच्या बाष्पीभवनाने ती हवा थंड व जड होते, वेगाने कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहोकडे पसरते. १९७५ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या विमान अपघाताचा अभ्यास करताना शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांनी अशा झोतांचे स्वरूप उलगडले. एरवी वाऱ्याचा वेग उंचीबरोबर वाढत जातो व बुटक्या घरांना त्याची झळ कमी लागते. या झोताचा कमाल वेग मात्र बहुधा जमिनीपासून शंभर मीटरांच्या आतच असतो. घर बुटके असले, म्हणून ते सुरक्षित ठरत नाही.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलोग्रॅम भरतो. समोरच्या भिंतीवर तो आत रेटतो. परंतु कमी उताराच्या छपरावरून वळसा घेताना वारा त्याला वर ओढतो. वळचण, आढे व कोपरे यांजवळ ही ओढ सर्वांत तीव्र असते. त्यातच वाऱ्याकडील दार उघडले गेले तर आत शिरलेली हवा छपराला खालून रेटते. पातळ पत्र्याचे वजन चौरस मीटरला अवघे पाच-सहा किलोग्रॅम! ते या बलापुढे काय टिकणार?

तेव्हा छप्पर त्याच्या वजनाने नव्हे, तर बांधणीने टिकते. पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला पक्की जखडलेली हवी. या साखळीतील एक कडी निसटली तरी बाकीच्या व्यर्थ ठरतात. ‘भारतीय मानक ८७५’च्या तिसऱ्या भागात कडा व कोपऱ्यांसाठी अधिक ओढ हिशेबात धरावी, असे सांगितले आहे. परंतु खेड्यातील घर गवंडी व सुतार यांच्या अनुभवावरच उभे राहते. त्यांनी कडेचे बोल्ट जवळजवळ बसवले, वळचण आखूड ठेवली आणि जुन्या बंगाली झोपडीप्रमाणे छपराला चारही बाजूंनी पुरेसा उतार दिला, तर अल्प खर्चात पुष्कळ संसार उघड्यावर पडण्यापासून वाचतील.